गोल नाकाच्या इंजिनाचे सेवापुस्तक



ज्याने उभे आयुष्य ओवी, अभंग आणि नवकविता शिकविण्यात घालविले, त्याने स्मृतिव्याख्यानाला आगगाडीच्या इंजिनाचा विषय घ्यावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. निमंत्रणपत्रिका हाती पडताच बेळगावच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने दूरध्वनी करून विचारलेही, "सर, विषय तुमचाच ना?" विषय माझाच आहे. तो मला सुचला मात्र ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्या आमच्या हेडमास्तरांमुळे. सर गणित शिकवीत. त्यांचे वडील मिरजेच्या शेडमध्ये फायरमन होते. काळ, काम आणि वेग यांची उदाहरणे घालताना सरांची गाडी नेहमी मिरजेहून सुटे, आणि उत्तर काढून झाले की ते हटकून एक जादा प्रश्न विचारीत : या प्रवासात कोळसा किती लागला असेल, आणि तो कोणी टाकला असेल? पुस्तकातील गाडी आपोआप धावते, खरी धावत नाही, असे ते म्हणत. निपाणीला रेल्वे नाही. गाडी गाठायची तर चिकोडी रोडला नाहीतर कोल्हापूरला जावे लागते. तेव्हा आम्हा मुलांच्या मनातील आगगाडी बरीचशी सरांच्या फळ्यावरचीच होती.

सरांनी वर्गाच्या भिंतीवर कुठल्याशा परदेशी मासिकातून कापलेले एक चित्र लावले होते. त्यातील इंजिन आमच्या मार्गावरच्या इंजिनासारखे नव्हते. त्याचे तोंड गोल आणि गुळगुळीत, बंदुकीच्या गोळीसारखे. धुराडे, घुमट, नळ्या साऱ्या एका अखंड पत्र्याखाली झाकलेल्या. त्या धाटणीला परिभाषाकोशात 'धारारेखित' असा शब्द सापडतो. शब्द चांगला आहे, पण शेडमधल्या कोणा माणसाच्या तोंडी मी तो ऐकलेला नाही. तेथे 'बुलेट' म्हटले की भागत असे.

त्या गोल नाकाच्या इंजिनांनी प्रत्यक्ष नोकरी कशी केली, एवढेच मला आज सांगायचे आहे. या सभेत शिक्षक पुष्कळ आहेत. सेवापुस्तक म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायला नको : रुजू होण्याची तारीख, बदल्या, रजा, शेरे आणि शेवटी निवृत्ती. माणसाचे छायाचित्र पाहून त्याच्या नोकरीचा अंदाज बांधता येत नाही. इंजिनाचेही तसेच आहे.

हा पेहराव जन्मला तो अडचणीच्या दिवसांत. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांचे प्रवासी भराभर घटले. जे उरले त्यांनाही मोटारगाडी खुणावू लागली होती. अशात मे १९३४ मध्ये बर्लिंग्टन कंपनीची 'झेफर' नावाची डिझेलवर चालणारी, गंज न चढणाऱ्या पोलादाची चकचकीत गाडी डेन्व्हरहून निघाली आणि हजार मैलांहून अधिक अंतर तेरा तासांत कापून सायंकाळी शिकागोत उभी राहिली. लोकांनी ती डोळे भरून पाहिली. वाफेच्या इंजिनांवर कोट्यवधींचा पैसा गुंतविलेल्या कंपन्यांना तेव्हाच घाम फुटला असावा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्क सेंट्रल कंपनीने आपल्या एका चालू इंजिनावर पत्र्याचा झगा चढविला आणि त्याचे नाव 'कमोडोर व्हँडरबिल्ट' ठेवले. पुढील वर्षी मिलवॉकी कंपनीची 'हायवाथा' गाडी आली. तिचे इंजिन मुळातच या आकारात घडविलेले होते आणि ताशी शंभर मैलांची धाव तिच्या वेळापत्रकातच गृहीत धरलेली होती. १९३६ साली पेनसिल्व्हेनिया कंपनीसाठी रेमंड लोई याने, तर १९३८ साली न्यूयॉर्क सेंट्रलसाठी हेन्री ड्रेफस याने इंजिनांना रूप दिले. ही माणसे इंजिने बांधणारी नव्हती. त्यांचा व्यवसाय वस्तूंना देखणे करण्याचा. ड्रेफसची ती दहा 'हडसन' इंजिने छायाचित्रात पाहिली तरी शिरस्त्राण घातलेला ग्रीक योद्धा आठवतो. इंग्लंडातही हीच हवा वाहत होती. तेथील 'मॅलर्ड' इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनांतील तो विक्रम आजही तिच्याच नावावर आहे.

हे सारे वैभव खरे होते. पण सेवापुस्तकात शेरा लिहिणारा अधिकारी रात्रपाळीचा फिटर असतो. गाडी शेडमध्ये येते तेव्हा त्याच्या हाती चार-सहा तास असतात. तेवढ्यात राख काढायची, नळ्या झाडायच्या, वंगण घालायचे, सैल झालेले बोल्ट कसायचे. या प्रत्येक कामाआधी पत्रा उघडायचा आणि कामानंतर तो पुन्हा बसवायचा. पत्र्याखाली उष्णता कोंडते, धूळ साठते, गळती लवकर दिसत नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. प्रथम चाकांवरचा पत्रा गेला, मग बाजूचा गेला, आणि युद्धानंतर अनेक इंजिने पुन्हा पहिल्यासारखी उघडी झाली. 'मॅलर्ड'च्या कुळातील इंजिनांच्या चाकांवरील झालरीही युद्धकाळात याच कारणासाठी काढून टाकण्यात आल्या. शिंप्याने शिवलेला अंगरखा लोहाराने फाडला, असे मला याचे वर्णन करावेसे वाटते.

यात एक सन्माननीय अपवाद आहे. नॉरफोक अँड वेस्टर्न ही मुख्यत्वे कोळसा वाहणारी कंपनी. तिने रोनोक येथील स्वतःच्या कारखान्यात १९४१ ते १९५० या काळात 'जे' वर्गाची चौदा इंजिने बांधली. इंजिन बांधणारे आणि त्याची देखभाल करणारे एकाच घरचे असल्यामुळे पेहराव राखूनही हात कोठे पोचला पाहिजे हे त्यांना ठाऊक होते. ही इंजिने १९५० च्या दशकाच्या अखेरपर्यंत राबली. घरच्या बाईने शिवलेले लुगडे आणि दुकानातला झगा यांत जो फरक, तो येथे दिसतो.

आता मी ज्या मुद्द्यासाठी आपणांस एवढे दूर घेऊन गेलो, त्याकडे वळतो.

फिलाडेल्फियाजवळ एडिस्टोन येथे बाल्डविन कंपनीचा प्रचंड कारखाना होता. मॅथायस बाल्डविन हा मूळचा जवाहिऱ्या. त्याने १८३० च्या दशकात सुरू केलेल्या या उद्योगाने सव्वाशे वर्षांत सत्तर हजारांच्या घरात इंजिने घडविली. या एकाच घरात, जवळजवळ एकाच वेळी, गोल आणि टोकदार नाकांची दोन भावंडे जन्मली. पहिले पेनसिल्व्हेनिया कंपनीचे 'टी-१'. त्याचे दोन नमुने १९४२ साली बाल्डविनने बांधले, आणि १९४५-४६ मध्ये पन्नास इंजिने आणखी झाली. त्यांतली निम्मी बाल्डविनची आणि निम्मी पेनसिल्व्हेनिया कंपनीच्या स्वतःच्या अल्टूना कारखान्यातील. दुसरे आपले 'डब्ल्यूपी'. त्याचे सोळा नमुने बाल्डविनने १९४७ साली भारताकडे पाठविले.

'टी-१' हे घराण्यातील हुशार अपत्य. वाफेचा दाब चौरस इंचाला ३०० पौंड, चालकचाकांचा व्यास ८० इंच, दोन सिलिंडरांच्या जागी चार, झडपा नव्या धर्तीच्या. हॅरिसबर्गहून शिकागोपर्यंत सातशे मैलांहून लांबची वाट एकाच इंजिनाने ओढावी अशी योजना होती. वेग तर इतका की त्याविषयीच्या दंतकथा अद्याप सांगितल्या जातात. पण भरधाव असतानाही त्याची चाके रुळावर घसरत. त्या नव्या झडपांची यंत्रणा अडचणीच्या जागी दडलेली, तिची दुरुस्ती करताना फिटर मेटाकुटीला येई. तोवर डिझेल इंजिने दाराशी येऊन उभी होती आणि कंपनीने मन बदलले. १९५० नंतर दोन-तीन वर्षांतच ही इंजिने बाजूला पडली, आणि १९५६ पर्यंत बावन्नच्या बावन्न भंगारात गेली. पुष्कळांची नोकरी सात-आठ वर्षांचीसुद्धा भरली नाही. शिक्षणखात्याच्या हिशोबाने निवृत्तिवेतनालाही ती पात्र ठरली नसती.

'डब्ल्यूपी' हे साधे अपत्य. यातील 'डब्ल्यू' म्हणजे रुंदमापी मार्ग आणि 'पी' म्हणजे प्रवासी गाडी. याची वंशावळ सांगायची तर एका अपघातापासून आरंभ करावा लागतो. १९२० च्या दशकात भारतासाठी 'एक्सबी' नावाची इंजिने विलायतेहून आली होती. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन, अशी त्यांची मांडणी असे. या मांडणीला 'पॅसिफिक' म्हणतात. वेगात असताना ही इंजिने डोलत आणि रूळ वाकडे करीत. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे अशाच इंजिनाची गाडी रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीसाठी तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. त्या काळचे ख्यातनाम रचनाकार विल्यम स्टॅनिअर हे तिचे एक सदस्य होते. मग युद्ध आले. युद्धकाळात अमेरिकन इंजिने शेकडोंनी भारतात उतरली, आणि आपल्या शेडमधल्या लोकांना ती आवडली. सांगाडा दणकट, भाग मोकळेपणाने मांडलेले, कोठेही पान्हा सहज पोचतो. पुढचे इंजिन अमेरिकन वळणाचे घ्यावे असे रेल्वे बोर्डाने ठरविले, यामागे बिहट्याचा धडा आणि युद्धकाळाचा अनुभव अशी दोन्ही कारणे मला दिसतात.

त्यामुळे या इंजिनात हुशारीचे प्रदर्शन नाही. दोनच सिलिंडर, दाब २१० पौंड, चालकचाके ५ फूट ७ इंच. भारतीय कोळशात राख फार, म्हणून भट्टी ऐसपैस. मग ते गोल नाक कशासाठी? वेगासाठी म्हणाल तर आपल्या गाड्या ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या. त्या वेगाला वाऱ्याचा विरोध थोडाच. ते नाक केवळ शोभेचे होते, असे माझे मत आहे. पण शोभा कोठे थांबवायची हे रचनाकाराला कळले होते. समोर टोपणासारखे नाक आणि त्यावर बहुधा रंगविलेली चांदणी, माथ्यावर धुराडे व घुमट झाकणारी एक लांब पट्टी, बाजूला अरुंद झालर. त्याखाली चाके, दांडे, झडपांची यंत्रणा सारे उघडे. वंगणाची बुधली घेऊन येणाऱ्याला काहीही उचकटावे लागत नसे. पेहराव शेडमधल्या माणसाच्या हाताच्या वर संपत होता. अमेरिकेतील कितीतरी सुंदर इंजिनांना जे साधले नाही ते येथे साधले.

मग याचे सेवापुस्तक भरत गेले. बाल्डविननंतर कॅनडा, पोलंड आणि ऑस्ट्रिया येथील कारखान्यांनी ही इंजिने बांधली, आणि १९६३ पासून ती आपल्या चित्तरंजनच्या कारखान्यात बनू लागली. १९६७ पर्यंत एकूण ७५५ इंजिने झाली. अमेरिकेत या धाटणीच्या कोणत्याही एका वर्गाची संख्या याच्या जवळपासही गेली नाही. 'टी-१' भंगारात निघाले तेव्हा 'डब्ल्यूपी'ची बांधणी जोरात होती. बाल्डविन कंपनीने १९५६ साली इंजिने बांधणे सोडून दिले, आणि तिच्या आराखड्याचे इंजिन बंगालच्या सीमेवर आणखी अकरा वर्षे जन्म घेत राहिले. १९६४ साली दिल्ली-आग्रा 'ताज एक्सप्रेस' सुरू झाली ती याच इंजिनाच्या जिवावर. ग्रँड ट्रंक, फ्रंटियर मेल अशा मानाच्या गाड्या त्याने ओढल्या. शेडशेडमध्ये चढाओढ असे. पितळ घासून आरसा करायचे, नाकावरची चांदणी नव्याने रंगवायची, झालरीवर वेलबुट्टी काढायची. बैलपोळ्याला बैल सजवावा तसे इंजिन सजे.

मराठी मुलखात हे इंजिन सर्वांना सारखे भेटले नाही. मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९३० च्या सुमारास पुरे झालेले असल्याने 'दख्खनची राणी' आरंभापासून विजेवर धावली. घाटातील त्या सुप्रसिद्ध रस्त्यावर गोल नाकाला काम नव्हते. ते दिसे ते पठारावर, खानदेश-वऱ्हाडातून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर. पुण्याला विद्यापीठात शिकत असताना, १९७० च्या सुमारास, सोलापूरच्या बाजूला निघालेल्या एका पॅसेंजरच्या तोंडाशी मी ते प्रथम पाहिले. फलाटावरून सावकाश चालत पुढपर्यंत गेलो. वर्गातले चित्र रंगीत होते. हे काळे होते, घामेजलेले होते, आणि त्याच्या पोटातून राखेचा तांबूस उजेड रुळांवर पडला होता.

आणि आपला सीमाभाग? बेळगावला रेल्वे आली १८८७ साली, सदर्न मराठा रेल्वेची. पुढे १९०८ मध्ये तिची मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. मार्ग मीटरमापी. दोन रुळांतील अंतर एक हजार मिलिमीटर, तर रुंदमापी मार्गाचे १६७६. हा सव्वादोन फुटांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. त्याने शंभर वर्षे आमच्या भागाचे दळणवळण घडविले. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ पर्यंत रुंद झाला. तेव्हापासून मिरज जंक्शन हे उंबरठ्याचे गाव बनले : एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला मीटर, आणि पंढरपूर-लातूरकडची ती बार्शी लाइटची अरुंदमापी. तीन मापांचे रूळ एका स्थानकात असलेली गावे देशात मोजकीच होती. मुंबईहून आलेला माणूस मिरजेला उतरे, वळकट्या आणि ट्रंका हमालाच्या डोक्यावर देई आणि फलाट ओलांडून बेळगाव-हुबळीच्या धाकट्या डब्यात चढे. निपाणीच्या तंबाखूचा बोदही गाडी बदलताना एकदा उतरवून पुन्हा चढवावा लागे. लोंढा-मिरज मार्ग रुंद होईपर्यंत १९९० चे दशक उजाडले, आणि त्याच दशकात वाफेचे युग संपले. गोल नाक बेळगावच्या स्थानकात आलेच नाही.

आले ते त्याचे धाकटे भावंड. मीटरमापी प्रवासी गाड्यांसाठी 'वायपी' नावाचे इंजिन तयार करण्यात आले. त्याचेही पहिले नमुने बाल्डविनचेच, १९४९ चे. पुढे ती टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातही बनली. १९७० पर्यंत त्यांची संख्या ८७१ झाली, म्हणजे थोरल्यापेक्षाही अधिक. चाकांची मांडणी तीच, स्वभाव तोच, फक्त नाक नाही. तोंड सपाट, काळे, मधोमध दिवा. बेळगाव, घटप्रभा, रायबाग, मिरज या वाटेने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांनी हे इंजिन पाहिलेले आहे, त्याची ठिणगी डोळ्यात घेतलेली आहे आणि त्याच्या काजळीने पांढरा सदरा खराब करून घेतलेला आहे. मला विचाराल तर नाक नसल्याने त्याचे काही अडले नाही. पण आमच्यापैकी किती जणांनी त्याला कधी सुंदर म्हटले? थोरल्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. ज्याने आपल्याला शाळेला, नोकरीला, सासरी आणि दवाखान्याला पोचविले त्याचे एखादे चित्र आपल्या घरात असेल असे मला वाटत नाही.

आता सरांच्या जादा प्रश्नाकडे येतो : कोळसा किती, आणि तो कोणी टाकला?

'टी-१'च्या भट्टीची जाळी ९२ चौरस फुटांची. माणसाच्या हाताने ती भरणे अशक्य. तेथे कोळसा लोटणारे यंत्र होते. अमेरिकेत १९३८ पासून अवजड नव्या इंजिनांना असे यंत्र बसविणे कायद्याने बंधनकारक झाले होते, आणि त्यासाठी तेथील कामगार संघटना वर्षानुवर्षे भांडल्या होत्या. 'डब्ल्यूपी'ची जाळी ४६ चौरस फुटांची, बरोबर निम्मी. हाताने भरता येईल अशा मर्यादेच्या अगदी काठावर ती ठेवलेली होती. यंत्र नव्हते. ड्रायव्हरच्या जोडीला दोन फायरमन असत. जुने लोक त्यांना आगवाला म्हणत. एक मागच्या टेंडरमधले ढेकळांएवढे कोळसे फोडून पुढे लोटी, दुसरा ते भट्टीत टाकी. टेंडरमध्ये पंधरा टन कोळसा मावे. एका फेरीत त्यातला पाच टन जळाला असे समजा, आणि फावड्याला सात किलो धरा. सातशेहून अधिक फावडी होतात. ती नुसती ओतायची नाहीत. हलत्या फळीवर उभे राहून, दार उघडताच डोळे दिपविणाऱ्या उजेडात, जाळीच्या नेमक्या कोपऱ्यात पातळ थर बसेल अशी भिरकावायची. थर जाड झाला तर धूर काळा होतो आणि वाफ पडते. राख जास्त असली की खंगर धरतो, आणि तो लांब सळईने फोडून काढावा लागतो. मे महिन्यात सोलापूर-वाडीच्या पट्ट्यात बाहेरची हवाच भट्टीसारखी असते, मग त्या कोठडीतली कशी असेल याची कल्पना करावी.

इंजिने आपल्याकडे चाळीस-चाळीस वर्षे टिकली याचा अभिमान आपण बाळगतो, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या टिकण्याची किंमत कोणी दिली हे त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेत मजूर महाग म्हणून डिझेल लवकर आले. आपल्याकडे कोळसा देशातला, परकीय चलनाची चणचण आणि फावडे मारणारा माणूस स्वस्त, म्हणून वाफ उशिरापर्यंत राहिली. माणसे स्वस्त होती हे या दीर्घायुष्याचे एक कारण आहे. रचनेची थोरवी सांगणाऱ्या पुस्तकांत ते क्वचित येते. सरांच्या वडिलांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला होता, आणि भट्टीच्या बाजूचा एक डोळा उतारवयात निकामी झाला. सरांनी हे आम्हांला वर्गात सांगितले नाही. पुढे मी प्राध्यापक झाल्यावर, एकदा त्यांच्या घरी चहा घेताना सांगितले.

मराठीचा अध्यापक म्हणून येथे माझी एक तक्रार आहे. आपल्या साहित्यात आगगाडी पुष्कळ आहे. खिडकीतून दिसणारी झाडे आहेत, फलाटावरचे निरोप आहेत, लांबून येणारी शिट्टी आहे. लिहिणारा बहुधा डब्यात बसलेला असतो. इंजिनाच्या पायरीवर चढलेला लेखक मला फारसा भेटला नाही. या कामाची भाषा मात्र होती, आणि ती अस्सल होती : खलाशी, सांधेवाला, आगवाला, खंगर, 'वाफ धरली', 'वाफ पडली', 'आग बसली'. मिरजेच्या आणि हुबळीच्या शेडमध्ये ती मराठी, कानडी, उर्दू आणि इंग्रजी यांच्या सरमिसळीतून तयार झाली. तेथे कोण कोणत्या भाषेचा हा प्रश्न पाळीपुरता तरी गैरलागू असे, कारण इंजिनाला सगळ्यांचेच शब्द कळत. आज ही भाषा बोलणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत. या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांत रेल्वे कामगारांची मुले-नातवंडे बरीच आहेत, हे मला या यादीवरूनच दिसते. शाळेच्या वाचनालयाने एक वही घालावी, आणि आजोबांच्या तोंडचे शब्द, पाळ्यांच्या वेळा, अपघातांच्या आठवणी यांपैकी जे मिळेल ते मुलांनी तीत उतरवून घ्यावे, अशी सूचना मी मुख्याध्यापकांना येथेच करून ठेवतो. दहावीच्या प्रकल्पासाठीही ते चालेल.

शेवटची पाने लवकर उलटतात. चित्तरंजनने रुंदमापी मार्गाचे वाफेचे शेवटचे इंजिन १९७० साली बांधले. ते मालगाडीचे होते आणि त्याचे नावही 'अंतिम सितारा' असेच ठेवले. मानाच्या गाड्या डिझेलकडे आणि विजेकडे गेल्या. 'डब्ल्यूपी' पॅसेंजरवर आले, मग शंटिंगवर, जसा एखादा नाणावलेला शिक्षक निवृत्तीआधी ग्रंथालयात बसविला जातो तसे. १९९५ अखेर रुंदमापी मार्गावरील नित्याची वाफ संपली.

आता काय उरले आहे? ड्रेफसच्या त्या दहा योद्ध्यांपैकी एकही नाही. लोईचे १९३६ चे इंजिन नाही. हायवाथाची नाहीत. 'टी-१' एकही नाही, आणि त्याची चुटपुट अमेरिकेतील हौशी मंडळींना इतकी लागली आहे की २०१४ पासून त्यांनी वर्गण्या गोळा करून, जुन्या आराखड्यांवरून एक 'टी-१' अगदी नव्याने बांधावयास घेतले आहे. आपल्याकडचे सोळा नमुन्यांतील पहिले, क्रमांक ७२००, आजही आहे. त्याला 'आझाद' असे नाव दिलेले आहे. हरियाणातील रेवाडी येथे १८९३ साली बांधलेली वाफेच्या इंजिनांची जुनी शेड जतन करण्यात आली आहे, तिच्यात ते असते, आणि त्याच्या शेजारी चित्तरंजनला १९६५ साली घडविलेले 'अकबर'. विद्यार्थ्यांची सहल दिल्लीला गेली तर रेवाडी तेथून फार लांब नाही. नाकावरची चांदणी पाहून झाली की मुलांना बाजूच्या पायऱ्यांनी वर चढवावे आणि भट्टीचे दार उघडून दाखवायला सांगावे. तिच्यासमोर दोन माणसांना उभे राहायला किती जागा आहे, ते त्यांनी पावलांनी मोजून घ्यावे.